खुंट्याला बांधलेली मोटारसायकल

आमच्या अड्याळात मोटारसायकली पुष्कळ आहेत, पण दाव्यानं खुंट्याला बांधलेली मोटारसायकल एकच. ती नत्थूभाऊंची. रिकाम्या गोठ्यात, गव्हाणीकडं तोंड करून ती उभी असते. पुढच्या चाकातून दावं ओवलेलं, खुंट्याला गाठ मारलेली. चोराच्या भीतीनं बांधतात म्हणावं, तर ती गाठ कुणीही सोडवील. मी एकदा विचारलं, "नत्थूभाऊ, ही पळून जाते का?"

"पळत नाई जी," ते म्हणाले, "पण मोकळी दिसली का मले झोप लागत नाई."

मी कापडाचा दुकानदार. आमचं घराणं मूळचं विणकरांचं. माग गेले, दुकान राहिलं, आणि दुकानासमोर नत्थूभाऊंचं घर राहिलं. त्यामुळं त्यांचं जे पाहायचं ते मी गल्ल्यावर बसल्या बसल्या पाहिलं आहे, आणि जे पाहायला नको होतं तेही.

सकाळी गाडी गोठ्यातून बाहेर काढताना ते तिला ढकलत नाहीत, हाताला धरून आणतात. मग पुढच्या चाकावर तांब्याभर पाणी, टाकीवर दोन थापा, आणि "चाल माय" म्हणून किक. हॉर्न ते वाजवत नाहीत; समोर कुणी आलं की तोंडानं हाक मारतात. ब्रेक दाबताना "हो, हो, हो" म्हणतात, आणि हे ओरडणं ब्रेकच्या बरंच आधी सुरू होत असल्यामुळं आमच्या आळीतल्या कोंबड्याही आता जाणत्या झाल्या आहेत. पेट्रोल भरून आले की "पाजून आणलं" म्हणतात. या सगळ्यात त्यांना स्वतःला गमतीचं काही वाटत नाही. ते फार गंभीर गृहस्थ आहेत. त्यांना हसताना पाहिलेली माणसं आळीत आहेत, पण ती सगळी म्हातारी आहेत.

आणि या पन्नाशी उलटलेल्या गंभीर गृहस्थांनी चिखलाच्या, खड्ड्यांच्या, दगडधोंड्यांच्या मोटारसायकल शर्यतीत उतरायचं ठरवलं. का, असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "बैलाले जोडी लागते. याले जोडी लागत नाई. एकट्याचं काम बरं."

हे उत्तर समजायला थोडं मागं जावं लागेल.

नत्थूभाऊ म्हणजे एके काळचे नावाजलेले धुरकरी. आमच्याकडं धान कापून झालं, शेतं मोकळी झाली, की गावोगावी शंकरपट भरतात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती. जोडी हाकणारा तो धुरकरी. नत्थूभाऊ छकडीवर उभे राहायचे आणि त्यांचा धाकटा भाऊ शालिक बैलांच्या तोंडापुढं उभा राहायचा. जोडी सुटण्याआधी तिला धरून ठेवायचं आणि नेमक्या क्षणाला बाजूला व्हायचं, हे काम वाटतं तितकं सोपं नाही. एक श्वास उशीर झाला तर बैल अंगावरून जातात. शालिकला कधी उशीर झाला नाही. बैलांची नावं पाखऱ्या आणि चांद्या. पाखऱ्या डावीकडचा, चांद्या उजवीकडचा. पवनीपासून तुमसरपर्यंत ही जोडी माहीत होती, आणि तिच्यासोबत ही दोन भावांची जोडीही.

मग वडील गेले आणि वाटणी निघाली. वाटणी कुणाच्या घरी निघत नाही? पण या दोघांची निघाली ती तलावाखालच्या एका बांधीवरून, म्हणजे धानाच्या एका वाफ्यावरून. बोलण्यातून बोलणं वाढलं. पंच बसले. त्यांनी शेत वाटलं, विहिरीचं पाणी वाटलं, अंगणातून भिंत घातली. शेवटी राहिली ती बांधी आणि बैलजोडी. पंच म्हणाले, एकानं दोन्ही बैल घ्यावे, दुसऱ्यानं त्याबदली ती बांधी घ्यावी. दोघंही ऐकेनात. बांधी नको, बैल नको, काही नको, पण असं नको. दोघांचाही हट्ट एकच होता, पण तो काय आहे हे कुणालाच सांगता येईना. अखेर पंच कंटाळले, बांधी निम्मी केली आणि एकेक बैल वाटून दिला. पाखऱ्या भिंतीच्या अलीकडं नत्थूभाऊंकडं, चांद्या पलीकडं शालिककडं.

पटातली अर्धी जोडी घेऊन माणसानं काय करायचं? डावीकडं चाललेला बैल उजवीकडं चालत नाही, आणि दुसऱ्या बैलाशी त्याचं पाऊल जुळत नाही. गावानं हसून घेतलं. पुढं पटही काही वर्षं बंद होते. ते पुन्हा सुरू झाले तोवर पाखऱ्या गेला होता, आणि त्याच हिवाळ्यात चांद्याही गेला. दोन्ही भावांनी आपापल्या शेतात आपापला बैल पुरला.

तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. नत्थूभाऊंची बायको वारली तेव्हा शालिकनं तिरडीला खांदा दिला, लाकडं रचली, सगळं केलं, पण बोलला नाही. नत्थूभाऊही बोलले नाहीत. मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली आणि घरात ते एकटे राहिले. भिंतीपलीकडं शालिकचं भरलेलं घर. त्यानं म्हशी घेतल्या, दुधाचा धंदा धरला. आमच्या आळीत दूध घालतो तो शालिकच. म्हणून नत्थूभाऊ काळा चहा पितात. कुणी विचारलं तर म्हणतात, "दुधानं मले पित्त होते." पित्त झालेला माणूस घरोघरी जाऊन दह्याची कढी दोन दोन वाट्या पितो हे आम्ही पाहिलेलं आहे, पण आम्ही बोलत नाही.

तर असा माणूस एकदा मोटारपंपाचा काही भाग आणायला शहापूरला गेला. तिथं हायवेला लागून एक गॅरेज आहे. गॅरेजवाला बबलू. दारात एक मोटारसायकल उभी होती, हॅन्डलपर्यंत चिखलानं माखलेली. नत्थूभाऊ बघत राहिले.

"ही शेतात नेली होती का?"

"शर्यतीले नेली होती काका. चिखलाचीच शर्यत असते."

"चिखलाची शर्यत?" नत्थूभाऊ तिथं ठेवलेल्या टायरवर बसले. "आन् आमी इतकी वर्सं रोवण्याआधी फुकटच चिखल करून राहिलो?"

मग बबलूनं मोबाइलवर दाखवलं. माणसं गाडीसकट उडत होती, पडत होती, उठून पुन्हा जात होती. नत्थूभाऊंनी एकच प्रश्न विचारला, "याले जोडीदार लागते का?" बबलू नाही म्हणाला. झालं. पंपाचा भाग विसरून ते परत आले आणि पुढच्या आठवड्यात आपली जुनी मोटारसायकल त्याच गॅरेजात नेऊन घातली.

ती परत आली तेव्हा तिच्या मालकाखेरीज कुणी तिला ओळखलं नसतं. दिवे काढलेले, पुढचा मडगार्ड उंच बसवलेला, चिखलात पकड घेणाऱ्या मोठमोठ्या गोट्यांचे टायर. सोबत हेल्मेट, गुडघ्यांना आणि कोपरांना बांधायच्या ढाली, पोटरीपर्यंतचे बूट, आणि छातीवर घालायचं एक प्लास्टिकचं चिलखत. हेल्मेट घालायला नत्थूभाऊ तयार नव्हते. बैलाचा आवाज ऐकू यावा म्हणून धुरकरी कधी कान झाकत नाही, असं त्यांचं म्हणणं. बबलू म्हणाला, "काका, हेल्मेट नाई तं गाडी इथंच ठेवा." तेव्हापासून ते हेल्मेट घालतात, पण आधी डोक्याला दुपट्टा गुंडाळून.

शिकवणी धान कापलेल्या बांध्यांत सुरू झाली. मला रोज संध्याकाळी दुकान सोडून तिथं जावं लागे, कारण पडल्यावर उचलायला कुणीतरी हवं, आणि "एकट्याचं काम" करणाऱ्या माणसाला ते सांगता येत नव्हतं. ते नुसते दुकानासमोरून जाताना म्हणायचे, "हवा चांगली आहे, मधुभाऊ." मी कुरकुरत शटर ओढायचो.

खरं सांगायचं तर पायदानावर उभं राहून गाडी चालवणं त्यांना शिकवावं लागलं नाही. उभं आयुष्य छकडीवर गेलेलं. गुडघे सैल, अंग पुढं, हात हलके. बबलूनं सांगितलं होतं की चाकाकडं पाहू नका, जायचंय तिकडं पाहा. तर म्हणाले, "हे आमाले माइत आहे. खड्ड्याकडं पायलं का बैल खड्ड्यातच जाते." टायरमधली हवा कमी ठेवायची, उतारावर अंग मागं टाकायचं, क्लचवर एकच बोट ठेवायचं, हे सगळं त्यांनी पटापट उचललं. अडचण एवढीच की संकट आलं की ते ब्रेक विसरून "हो, हो, हो" ओरडायचे आणि गाडी ऐकायची नाही. धुऱ्यावरून, म्हणजे बांधीच्या बांधावरून, ते अशाच ओरडण्यात एकदा बोडीत गेले. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. गाडी वर, ते खाली, आणि मी काठावर. मी चिडलो. "वय काय आपलं, करतो काय आपण?"

हेल्मेटमधलं पाणी ओतत ते शांतपणे म्हणाले, "पडल्याबिगर गाडी अंगाले लागत नाई."

नवशिक्यांची पहिली शर्यत भंडाऱ्याबाहेरच्या एका पडीक माळावर होती. आम्ही आदल्या दिवशी दुपारीच पोचलो. नत्थूभाऊंनी सगळी वाट पायी फिरून पाहिली. पटात तशी रीत आहे. धुरकरी धाव, म्हणजे जोडीची पळायची वाट, पायाखालून घालतो, आणि खड्डा दिसला तर बुजवतो. स्वतःच्या धावेतला नंतर, दुसऱ्याच्या धावेतला आधी. बैलाचा पाय मोडला तर तो कुणाचाही असो, पाप सगळ्यांना. मी चहा प्यायला गेलो. परत आलो तर त्यांनी कुणाचंतरी फावडं मागून घेतलं होतं आणि घामाघूम होऊन मातीवर थापा मारत होते.

"लय खराब रस्ता केला होता जी या लोकाइनं," ते म्हणाले. "एका वळणावर तं लागून लागून टेकाडं. मी सपाट करून टाकली."

आयोजकांनी ती टेकाडं यंत्र लावून मुद्दाम घातली होती. खड्डेही मुद्दाम खोदले होते. आयोजकांपैकी एक तरुण आला, सपाट झालेलं वळण पाहिलं आणि डोक्याला हात लावून खाली बसला. नत्थूभाऊंना सगळं समजावल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की रागावलेला तरुणच त्यांना पाणी द्यायला धावला. मग अंधार पडेपर्यंत नत्थूभाऊंनी स्वतः ती टेकाडं पुन्हा घातली आणि बुजवलेले खड्डे पुन्हा खोदले. खोदताना पुटपुटत होते, "माणसाइनं माणसासाठी खड्डा खोदाचा. काय दिवस आले." दुसऱ्या दिवशी शर्यतीत त्याच वळणावर ते पडले, उठले, शेवटून पहिले आले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. परत येताना ते खूश होते. म्हणजे तोंडावर काही नव्हतं, पण गाडीच्या टाकीवर नेहमीच्या दोनऐवजी चार थापा पडल्या.

त्यानंतर आली आंबागडची रानवाट.

ही गोल फेऱ्यांची शर्यत नव्हती. जुन्या किल्ल्याच्या डोंगराखालून, नाल्यातून, दगडांतून, चढउतारावरून जाणारी लांब वाट. झाडांना फिती बांधलेल्या, त्या पाहत जायचं आणि परत यायचं. नत्थूभाऊंनी नाव द्यायला मला फोन करायला लावला. पलीकडून आयोजक म्हणाला, "काका, जोडीदार कोण आहे? रानाची वाट आहे, एकट्याले सोडत नाई आमी. दोघं सोबत जातीन, दोघं सोबत येतीन, तवाच वेळ धरतो."

फोन मोठ्या आवाजावर होता. नत्थूभाऊंनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "याले बी जोडी लागते का?"

मला त्या क्षणी हसू यायला हवं होतं. आलं नाही. इतकी वर्षं ज्या शब्दावर ते उभे होते तो शब्दच त्यांच्या पायाखालून गेला होता.

शहापूरच्या पोरांच्या जोड्या आधीच ठरल्या होत्या. बबलूचा हात प्लास्टरमध्ये. मी स्कूटरवरून मागच्या सीटवर कापडाचे गठ्ठे बांधून जातो तेव्हाही रस्त्यातली माणसं बाजूला होतात, त्यामुळं माझा प्रश्नच नव्हता. उरला एकच माणूस. जो रोज सकाळी दोन्ही बाजूंना दुधाचे भरलेले कॅन लटकवून धुऱ्यांवरून, तलावाच्या पाळीवरून, भर पावसाळ्यात चिखलातून मोटारसायकल नेतो आणि थेंब सांडू देत नाही. साऱ्या आळीला ते दिसत होतं. नत्थूभाऊंनाही दिसत होतं. प्रश्न एवढाच होता की तोंड कोण उघडणार.

मी नाव काढून पाहिलं. नत्थूभाऊ उठून गाडी पुसायला गेले. दोन दिवस गाडी पुसली. तिसऱ्या दिवशी माझ्याकडं न पाहता म्हणाले, "त्या दुधवाल्याले इचारून पाहा."

"कोणत्या दुधवाल्याला?"

"आहे ना एक. भितीपलीकडं."

मी शालिककडं गेलो. तो म्हशीखाली बसला होता. सगळं ऐकून घेतलं आणि धार न थांबवता विचारलं, "दादा म्हणते का तुमी म्हणता?"

"तेच म्हणतात."

"मंग तोंडानं म्हणाव."

मी परत आलो. "शालिक म्हणतो, स्वतः येऊन सांगा."

नत्थूभाऊ भिंतीकडं तोंड करून, पलीकडं नीट ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाले, "मधुभाऊ, सांगून द्या. मले कोणाची गरज नाई."

पलीकडून आवाज आला, "मधुभाऊ, त्याइले सांगा, गरज नाई तं निरोप कायले पाठवता?"

"मधुभाऊ, सांगा त्याले, निरोप मी नाई पाठवला. तुमीच गेले."

मी म्हटलं, मी दुकान बंद करून घरी जातो. तुम्ही दोघं भिंतीशी बोला. आणि खरंच गेलो. मला फार राग आला होता. रागापेक्षाही वाईट वाटलं होतं. दोन केस पिकलेली माणसं, मधे एक विटांची भिंत, तीही कपाळाएवढी, आणि दोघांनाही एकमेकांची टाळू दिसते आहे.

नाव द्यायचा शेवटचा दिवस होता. सकाळी मी दुकानाची झाडलोट करत होतो. शालिक दारात कॅन गाडीला अडकवत होता. नत्थूभाऊ आपल्या दारातून बाहेर आले. हातात पितळेचा लोटा. भिंतीला वळसा घालून ते शालिकच्या दारापुढं उभे राहिले. माझा झाडू थांबला.

"दूध पायजे," नत्थूभाऊ म्हणाले.

शालिकनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. "किती?"

"बसते तेवढं."

शालिकनं लोटा घेतला, काठोकाठ भरला, परत दिला. नत्थूभाऊ लोटा धरून तसेच उभे. दूध बोटांवरून सांडत होतं.

"ऐतवारी आंबागड आहे," ते म्हणाले.

"किती वाजता निघाचं?"

बस. इतक्या वर्षांचं मौन एवढ्यावर सुटलं. मी आत जाऊन कापडाच्या ताग्यांमागं उभा राहिलो, कारण मला दोघांनाही दिसायचं नव्हतं.

रविवारी छोट्या हत्तीत, म्हणजे लहान टेम्पोत, दोन गाड्या चढवल्या. शालिकच्या गाडीचे कॅन काढलेले, तरी दुधाचा वास होताच. जाताना शालिक पुढं ड्रायव्हरजवळ बसला, नत्थूभाऊ मागं गाड्यांजवळ. तुमसर येईपर्यंत दोघांत एक शब्द नाही. मला वाटलं, झालं ते लोट्याबरोबर संपलं.

आंबागडला थंडी होती. जोड्या एकामागून एक सोडत होते. या दोघांची पाळी आली. शालिकनं पुढं होऊन नत्थूभाऊंच्या हेल्मेटची हनुवटीखालची पट्टी ओढून पाहिली. ती सैल होती. त्यानं घट्ट केली आणि आपल्या गाडीवर जाऊन बसला. झेंडा पडला आणि दोघं धुरळ्यात दिसेनासे झाले.

वाट पाहण्यासारखं वाईट काम नाही. जोड्या परत येऊ लागल्या. चिखलानं माखलेली पोरं, हसणारी, एकमेकांच्या पाठीवर मारणारी. एक जोडी आली, दुसरी आली, अशा बऱ्याच आल्या. माझी माणसं येईनात. मी आयोजकाला गाठलं. त्यानं वरच्या टेकडीवरच्या माणसाला विचारलं. उत्तर आलं की ते काका तर केव्हाच टेकडी ओलांडून गेले, चांगले पुढं होते, दम पाहून आम्हीच थक्क झालो. मग गेले कुठं? टेकडीपासून इथवर शेवटचा सोपा उतार तेवढा राहतो. मी देवाचं नाव घेतो ते एरवी बोहणीच्या वेळी. तिथं उभ्या उभ्या सगळे देव झाले. या म्हाताऱ्याला बोडीत पडला तेव्हाच का अडवलं नाही, असं वाटून स्वतःचाच राग आला.

शेवटी ते आले. सगळ्यांच्या मागून, सावकाश, जणू बाजारातून घरी येत आहेत. कुणाला खरचटलेलंही नव्हतं. आयोजक म्हणाला, "काका, वेळ संपली. तुमची फेरी धरता येत नाई." नत्थूभाऊ म्हणाले, "हाव जी, नका धरू." आणि हातपंपावर तोंड धुवायला गेले.

मी शालिकवर बरसलो. "झालं काय? जीव घेतला माझा. टेकडीवर तर पुढं होतात म्हणे."

शालिक हातमोजे काढत होता. बराच वेळ त्याचं एकच बोट निघत नव्हतं.

"उतरून राहिलो होतो," तो म्हणाला. "खाली झेंडा दिसला. तं दादानं गाडी थांबवली. म्हणे, साखळी ढिली वाटते."

"मग?"

"मी बसून पायली. साखळी टाइट होती."

"मग सांगायचं ना!"

"कायले सांगू?" शालिक म्हणाला. "मीबी म्हटलं, हाव दादा, ढिली आहे."

ते दोघं तिथं दगडावर बसले होते. बाजूनं जोड्या जात होत्या. एकानं थांबून विचारलंही, काही मदत पाहिजे का. नत्थूभाऊंनी त्याला हातानं पुढं जायला सांगितलं.

"बोलले काय?" मी विचारलं.

"बैलाचं." शालिक हातपंपाकडं पाहत होता. "दादा म्हणे, दोन्ही तूच ठेवाले पायजे होते. मी म्हटलं, मंग तुमच्याकडं काय रायलं असतं? तं म्हणे, मलेबी हेच वाटलं होतं तवा. मी दोन्ही घेतले असते तं तुह्या खुंट्याले काय रायलं असतं?"

पंचांना, गावाला, मला, कुणालाही न कळलेला तो हट्ट हा होता. दोघंही दुसऱ्याचा गोठा रिकामा होऊ नये म्हणून अडून बसले होते, आणि ते सांगता न आल्यामुळं दोघांचेही गोठे रिकामे झाले. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

"झेंडा ओलांडला असता तं झालंच होतं ना," शालिक हळूच म्हणाला. "गाड्या भरल्या असत्या आन् घरी."

तेवढ्यात नत्थूभाऊ तोंड पुसत आले. शर्यत संपू नये म्हणून थांबलेला शर्यतवाला मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

परतताना मी शालिकला पुढं बसायला सांगितलं. तो म्हणाला, गाड्या हलतात, धराले माणूस पायजे. नत्थूभाऊही म्हणाले, माणूस पायजे. म्हणून दोघंही मागं बसले आणि मी एकटा ड्रायव्हरजवळ. मागच्या काचेतून पाहिलं तर दोघांनी मिळून एकच गाडी धरली होती, दुसरी आपली हलत होती. तुमसर गेलं, मोहाडी गेलं. भंडारा आलं. इथून अड्याळ फार लांब नाही.

मागून काचेवर ठकठक झालं. मी काच सरकवली. नत्थूभाऊंनी तोंड जवळ आणलं. "मधुभाऊ, त्याले म्हणा, लाखनीकून घे."

ड्रायव्हर म्हणाला, "मालक, लाखनीकून लय लांब पडते. कायले?"

नत्थूभाऊ मागं सरकून पुन्हा गाडी धरायला लागले. त्यांच्या खांद्यामागं शालिक तोंड फिरवून बाहेर बघत होता.

एरवी मी वाद घातला असता. मला सकाळी दुकान उघडायचं होतं, कंबर दुखत होती, आणि सरळ रस्ता समोर होता. मी काच लावून घेतली आणि ड्रायव्हरला म्हटलं, "घे बाबा लाखनीकडून. आणि जरा हळू घे."